उतारावरचा तिसरा

थोरलीनं एक जुनी स्प्रिंग घेतली, एक कोरी घेतली, दोघींना नाकाला नाक लावून व्हाइसमध्ये धरलं, मध्ये एक वॉशर सरकवला आणि दांडा असा काही पिळायला घेतला की जणू आत धाकट्या भावाची मानच आहे.

"बघ," ती म्हणाली. "डोळे फाडून बघ."

धाकटा बघतच होता. न बघून जातो कुठं? व्हाइस आवळत गेला तशा दोन्ही स्प्रिंगा दबत गेल्या, आणि दबल्या त्या अगदी सारख्या. जुनी थकलेली असती तर आधी तीच चेपली असती आणि नवी ताठ राहिली असती. साधी परीक्षा आहे, हिला मशीन लागत नाही. वॉशर शेवटपर्यंत मधोमध राहिला, जराही कुणाच्या बाजूला गेला नाही.

"आता सांग. कुणाची स्प्रिंग मेली होती?"

"एकच बघितलीस."

"सगळ्या बघते ना. तू हलू नकोस इथून."

आणि तिनं खरंच सगळ्या बघितल्या. एक काढायची, दुसरी लावायची, पिळायचं, "हं?" म्हणायचं. धाकटा टेबलाला टेकून उभा, हाताची घडी घातलेली, आणि प्रत्येक "हं?" ला त्याची हनुवटी थोडी थोडी खाली जात होती. शेवटची स्प्रिंग तिनं हातात उडवून झेलली आणि डब्यात टाकली.

शेडमध्ये इंजिन घोडीवर चढवलेलं होतं, वरचं हेड उतरवून मशीनवर गेलेलं. बाजूच्या टेबलावर खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड खोचलेले, ज्याच्या त्याच्या क्रमानं, कारण एकाच्या जागी दुसरा गेलेला थोरलीला चालत नाही. पुशरॉड म्हणजे काय, करंगळीएवढी जाड लांब सळई. खालून कॅमनं, म्हणजे दांड्यावरच्या फिरत्या उंचवट्यानं, ढकललं की सळई वर जाते, व्हॉल्व्ह उघडतो, आणि मग स्प्रिंग त्याला खेचून परत मिटवते. इंजिन त्याच्या ताकदीबाहेर पळवलं की स्प्रिंगला वेळच पुरत नाही. व्हॉल्व्ह उघडाच राहतो, खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो, आणि सळई वाकते. त्या पुठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त सळया वाकल्या होत्या. एक तर पार धनुष्य.

ट्रक दोरीला बांधून घरी आला तेव्हा धाकटा एवढंच म्हणाला होता, उतारावर गिअर चुकला. तिसरा टाकायचा होता, दुसरा पडला. बस, एवढंच, आणि जेवायला बसला. जेवायला! थोरलीला तेच जास्त झोंबलं होतं. भंगारातून उचललेला ट्रक, तिनं स्वतःच्या हातानं एकेक नट फिरवून उभा केलेला, तिच्याच नावावर, आणि हा त्याचं इंजिन फोडून भाकरी मोडत बसतो. तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, इंजिन बांधून होईल आणि चावी बदली ड्रायव्हरच्या हातात जाईल. तो ड्रायव्हर येऊन टायरला लाथ मारून गाडी बघूनही गेला होता. आणि धाकट्याला त्या गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, हे तो ड्रायव्हर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"जुन्या मेल्या नसतील," धाकटा शेवटी म्हणाला. "तरी कडकच टाक. आणि पुशरॉड जाड टाक. आता सगळं उघडलंयच तर."

"का?"

"परत असं झालं तर?"

"परत करणारेस?"

"मी करणारे असं म्हटलं का? झालं तर, असं म्हटलं."

"आपोआप होतं वाटतं. गाडी स्वतःच गिअर बदलते, तू मागे फळकुटावर झोपलेला असतोस."

धाकट्यानं पायाशी पडलेला एक नट उचलून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात लेथवाले काका आले, हातगाडीवर हेड घालून. काका म्हणजे अप्पांचे, या दोघांच्या वडिलांचे, जुने दोस्त, पलीकडच्या गल्लीत त्यांचं लेथचं दुकान, आणि जिभेला धार लेथच्या पात्यापेक्षा जास्त. त्यांनी हेड उतरवलं, त्यावरून तळवा फिरवला, आणि दोघांच्या तोंडाकडे बघून म्हणाले,

"काय, आज कोण मेलं?"

"स्प्रिंगा," थोरली म्हणाली. "याच्या म्हणण्याप्रमाणे."

"काका, तुम्हीच सांगा," धाकटा एकदम पुढं आला. "कडक स्प्रिंगा, जाड पुशरॉड. मिळतात ना? टाकावेत की नाही?"

काकांना असं विचारलं की झालं. ते स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर चढवला.

"मिळतात. फायदाही आहे, नाही असं नाही. घाटातच गाडी चालवायची, धूर आतून कोंडून धरणारा तो ब्रेक लावायचा, तर कडक स्प्रिंगा हव्यातच, त्याशिवाय व्हॉल्व्ह जागेवर बसायचा नाही. पण तुमच्या गाडीला तो ब्रेकच नाही. आणि कडक स्प्रिंग म्हणजे तिचा सगळा जोर खाली कॅमवर येणार. तुमचा कॅम जुन्या पद्धतीचा, घासून चालणारा. तो झिजणार. म्हणजे कॅम बदला. मग सळई जाड केली तर उद्या काही आदळलं की सळई वाकणार नाही, तिच्याखालचं काहीतरी तुटेल. आज सळई वाकली म्हणून तुमचा कॅम वाचला, हे कळतंय का?"

"ऐकलंस?" थोरली म्हणाली.

"पण इंजिन जास्त पळालं तरी व्हॉल्व्ह मिटेल ना, कडक असली तर?" धाकटा काही सोडेना. "म्हणजे चूक झाली तरी निभावेल. थोडं तरी?"

"थोडं निभावेल," काका म्हणाले.

"मग झालं तर! टाका."

"ए, इंजिन काय चुकीच्या मापानं बांधायचं?" थोरलीनं पाना आपटला. "इंजिन कामाच्या मापानं बांधतात."

"चूक होते ना माणसाकडून."

"माणसाकडून होते. तू करतोस."

काका हसले, आणि मग हसता हसता थांबले. त्यांनी ती धनुष्य झालेली सळई पुठ्ठ्यातून उपसली आणि बोटांवर फिरवत म्हणाले, "पण मला एक सांग रे. एवढ्या वेगात तुझा दुसरा पडलाच कसा? हा गिअरचा डबा तर मी ओळखतो. हिनं भंगारातून आणला तेव्हा याचे दात मीच बघून दिले होते. वेगात दुसरा टाकायला जा, नुसता करकरतो आणि दांडा परत हातावर थुंकतो. डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, पाय आणि हात एका तालात आले, तरच तो आत घेणार. तुला कधी जमलंय ते?"

"पडला," धाकटा म्हणाला.

"नशीब बघ कसं. जन्मात एकदा डबल क्लच साधला, आणि तोही चुकीच्या गिअरात."

यावर थोरलीसुद्धा हसली. धाकट्याचे कान लाल झाले. आणि त्या डब्याची भानगड खरंच होती, कारण मूळचा गिअरबॉक्स फुटल्यावर थोरलीनं वेगळ्याच गाडीचा बसवला होता, आणि त्याचे गिअर एक घर सरकलेले होते. जुन्यात मधल्या रांगेत वर तिसरा, खाली चौथा. यात मधल्या रांगेत वर दुसरा, खाली तिसरा. धाकटा सुरुवातीला शिव्या घालत फिरला, मग हाताला सवय झाली. आता तर वर्षं लोटली होती. अप्पांच्या हाताला मात्र या डब्याची सवय नव्हती. तो बसवायच्या आधीच त्यांच्या डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

अप्पा आलेच तेवढ्यात. मागच्या दारातून, काठी टेकत, पण ताठ. डाव्या बाजूला डिझेलची बादली होती, ती त्यांना दिसण्यातली नव्हती. धाकट्यानं न बघताच पायानं ती आत ढकलली आणि अप्पा सरळ पुढं आले.

"काय हसताय?" अप्पा म्हणाले.

"तुझ्या चिरंजीवांचं कौतुक चाललंय," काका म्हणाले.

"त्याचं काय कौतुक." अप्पांनी काठीच्या टोकानं पुठ्ठ्याला टकटक केलं. "मी उभा जन्म उतारावर काढला. एक सळई वाकली नाही. हात बसलेला असावा लागतो, तो दुकानात मिळत नाही. जाड सळया कसल्या टाकताय?"

धाकटा जमिनीकडे बघत होता.

"अप्पा, तुम्ही बाजूला होतात ना?" थोरलीनं विचारलं. अप्पा प्रत्येक फेरीला त्याच्याबरोबर जायचेच. घरात बसून जीव आंबतो म्हणून क्लीनरच्या बाजूची सीट त्यांनी खास शिवून घेतली होती, जाड फोमची, पाठीला उशी जोडलेली. "नेमकं केलं काय यानं?"

अप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. एक काच पुसली, मग दुसरी पुसली, मग परत पहिली.

"गिअर चुकला," ते म्हणाले. "सांगितलंय ना त्यानं."

"सांगितलंय. म्हणूनच चावी दुसऱ्याला देतेय."

"परका माणूस कशाला गाडीवर?" अप्पा एकदम तापले. "तो काय गाडी सांभाळणारे? चरकातल्या उसासारखी पिळेल. त्यापेक्षा या गाढवाला शिकवा. मी शिकवतो. बसवतो आणि दाखवतो उतार कसा उतरवतात ते."

"अप्पा, राहू दे," धाकटा हळूच म्हणाला.

"का राहू दे? लाज वाटते? इंजिन फोडताना नाही वाटली!"

काकांनी चष्मा खाली घेतला, सळई परत त्याच भोकात खोचली आणि हातगाडी घेऊन निघाले. जाता जाता थोरलीला म्हणाले, "मला संध्याकाळपर्यंत सांग. साध्या आणू की कडक."

"साध्या," थोरली म्हणाली.

"संध्याकाळी सांग," काका म्हणाले.

दुपारी थोरली गाडीच्या पोटात उतरली. म्हणजे अक्षरशः पोटात, इंजिन काढल्यावर पुढं मोकळी जागा राहते तिथं, दोन लोखंडी बाजूंच्या मध्ये, खोक्यावर बसून. गिअरबॉक्सचं तोंड तिच्या समोर, आणि त्यातून बाहेर आलेला शाफ्ट तिच्या हाताच्या अंतरावर. मागचा लांब शाफ्ट तिनं आधीच सोडवला होता, त्यामुळं पुढचा हातानं फिरवला की मागचं तोंड फिरताना दिसायचं. एवढी मोठी आदळआपट झाल्यावर डब्याचे दात बघितल्याशिवाय ती इंजिन चढवणार नव्हती. धाकटा वर केबिनमध्ये, गिअर टाकायला.

"टाक पहिला," ती ओरडली.

खाट. तिनं शाफ्ट फिरवला. फिरवतेय, फिरवतेय, मागचं तोंड ढिम्म, मग जेमतेम सरकलं.

"दुसरा."

खाट. मधल्या रांगेत वर. फिरवला, मागचं तोंड आळसावल्यासारखं हललं.

"तिसरा."

मधल्या रांगेत खाली. आता हाताला हलकेपणा नव्हता, आणि मागचं तोंड चांगलं फिरलं. असं करत करत वरपर्यंत गेले. दात ठीक होते. एवढं होऊनही ठीक, म्हणजे दुसरा करकर न करता पडला होता. लोण्यात सुरी जावी तसा. थोरलीच्या डोक्यात काकांचं वाक्य येऊन गेलं, पण तिला ते नको होतं, तिनं फडक्यानं शाफ्ट पुसला.

वरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"सरक," अप्पांचा आवाज.

"अप्पा, खाली ताई आहे. काम चाललंय."

"मग तिलाही ऐकू दे. सरक म्हणतो ना!"

धाकटा सरकला असावा. ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. थोरली वर बघून ओरडणार होती, की अप्पा, उतरा खाली, पण तिनं विचार केला, इंजिन नाही, चाकं बांधलेली, एकदाचं दाखवू दे आणि गप्प होऊ दे. तिचा तळवा शाफ्टवरच होता.

"हं. उतार आला," अप्पा म्हणाले. आवाजच बदलला त्यांचा, तरुण झाला. "गाडी चौथ्यात आहे. माल भरलेला. ब्रेकवर जीव टाकायचा नाही, ब्रेक तापतात. वळण दिसायच्या आधी गिअर खाली घ्यायचा. क्लच. बाहेर काढला. क्लच सोडला, एक्सिलेटर दाबला, परत क्लच, आणि..."

खाट असा आवाजसुद्धा आला नाही. थोरलीच्या तळव्याखाली शाफ्ट किंचित थरथरला, मांजर झोपेत हलतं तेवढाच, आणि गिअर बसला होता.

"तिसरा," अप्पा म्हणाले.

थोरलीनं शाफ्ट फिरवला. सवयीनं, दुसरं काही नाही. फिरवला, अजून फिरवला. मागचं तोंड आळसावल्यासारखं हललं.

ती थांबली. परत फिरवला. तसंच.

गिअरच्या दांड्यापाशी केबिनच्या पत्र्याला भोक होतं, रबर फाटलेलं. त्यातून तिला वरचं थोडंसं दिसायचं. अप्पांचं मनगट दिसलं, शिरा वर आलेलं, आणि मुठीत दांडा. मधल्या रांगेत. वर.

"कितवा टाकलात, अप्पा?" तिनं खालून विचारलं. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला.

"तिसरा. बहिरी झालीस का?"

मनगट तिथंच होतं. मग धाकट्याचा आवाज आला, अगदी बारीक. "अप्पा, उतरा आता. चहा झाला असेल."

"बघितलंस? असं असतं," अप्पा म्हणाले. "आवाज झाला का? झाला नाही. हात!"

ते उतरले. काठी शोधली, सापडली नाही, धाकट्यानं डाव्या बाजूनं हातात दिली. थोरलीला खालून फक्त पाय दिसत होते, दोन अप्पांचे आणि त्यांच्या डावीकडून चालणारे दोन धाकट्याचे. ते दारापर्यंत गेले. मग धाकट्याचे पाय एकटे परत आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

थोरली बाहेर आली. हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तोंड नव्हतं तुला?"

"तुला कान होते?"

तिनं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं ते झेललंही नाही, ते छातीला लागून खाली पडलं.

"कधीपासून?"

"उतारावर फक्त," धाकटा म्हणाला. "म्हणतात, चढ तू घे, उतार मला दे. आधी त्या लहान उतारावर घ्यायचे. तिथं जमायचं त्यांना, हळू असते गाडी, आठवून आठवून टाकतात. त्या दिवशी मोठ्यावर घेतली. समोरून बस आली. घाई झाली, आणि हात जुन्या जागी गेला."

"बस कुठल्या बाजूनं आली?"

त्यानं पायानं फडकं बाजूला सारलं.

"कुठल्या बाजूनं?"

"डाव्या वळणातून."

"दिसली त्यांना?"

"मी ओरडलो."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. चिडलेली तर होतीच, आणि चीड कुठं ठेवायची ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती परत त्याच्यावरच आली.

"आणि तू दिलंस स्टेअरिंग. आंधळ्या माणसाला. उतारावर."

"तू नाही म्हणून बघ त्यांना. एकदा बघ. तू इथं शेडमध्ये बसतेस. मी दिवसभर त्यांच्या बाजूला बसतो." त्याचा आवाज चढला. "उभा जन्म उतारावर काढला, उभा जन्म उतारावर काढला! मला त्यांना नाही म्हणता येत नाही. नाही येत!"

"म्हणून जाड सळया हव्यात."

त्यानं मान फिरवली.

"तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून माझ्या इंजिननं सोसायचं. आणि पुढच्या बसचं काय? तिलाही कडक स्प्रिंगा टाकू?"

धाकट्यानं वाकून फडकं उचललं, घडी घातली, टेबलावर ठेवलं. मग शेडबाहेर गेला, आणि बाहेर नळ बराच वेळ वाहत होता.

संध्याकाळी थोरलीनं काकांना फोन केला.

"कडक नको. स्प्रिंगा आहेत त्याच चालतील. सळया वाकल्यात तेवढ्याच आणा, त्याच जाडीच्या."

"नक्की?"

"इंजिनात काही कमी नव्हतं, काका."

"हं," काका म्हणाले, आणि पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर तिनं त्या बदली ड्रायव्हरला लावला. नको, म्हणाली, गाडी घरचाच माणूस चालवेल. तो काहीबाही बोलायला लागला तशी तिनं ठेवून दिला.

इंजिन चढलं. दोघा भावंडांनी मिळून चढवलं, आणि तेवढ्या वेळात एकमेकांना "धर", "सोड", "मूर्खा, उजवीकडे" आणि "तूच मूर्ख" याच्यापलीकडे काही म्हटलं नाही. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा थोरलीनं वरच्या झाकणाला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. टिकटिक, टिकटिक, एकसारखी. तिनं मान हलवली. धाकट्यानं इंजिन बंद केलं.

"परत दोरीवर आणलीस तर तुला बांधीन त्या दोरीला," ती म्हणाली.

"बांध."

निघायच्या दिवशी सकाळी अप्पा तयार होऊन आले. मफलर, थर्मास, बगलेत टोपी. ते क्लीनरच्या बाजूला गेले, दार उघडलं, दांड्याला धरून एक पाय पायरीवर ठेवला, आणि थांबले.

आत सीट नव्हती. नुसता पत्रा होता, झाडून पुसून लख्ख केलेला, आणि बोल्टच्या भोकांत रबरी बुचं घट्ट बसवलेली.

"सीट कुठंय?"

"शिवायला काढलीय," थोरली म्हणाली. ती टेबलापाशी होती, पाठमोरी.

"चांगली होती की."

"फाटली होती."

"कुठं फाटली होती?"

ती पाने खोक्यात एकेक करून लावत राहिली, लहानाकडून मोठ्याकडे. धाकटा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून सरळ समोर बघत होता.

अप्पांनी पाय खाली घेतला. पत्र्याकडे बघितलं, मग शेडच्या आत. व्हाइसच्या बाजूला, भिंतीला लावून, ती सीट उभी होती, उशीसकट, कुठंही एक टाका उसवलेला नव्हता, आणि थोरलीनं तिच्यावर साधी चादरसुद्धा टाकली नव्हती. लपवायची असती तर लपवली असती. अप्पा त्या सीटकडे बघत राहिले. मग थोरलीच्या पाठीकडे.

"चाव्या तुझ्या, गाडी तुझी," ते शेवटी म्हणाले. "काय वाटेल ते कर."

ते गाडीच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला यायला निघाले, बंपरवर हात टेकत. डाव्या बाजूला ती बादली परत कुणीतरी आणून ठेवली होती. धाकटा वर बसलेला, त्याला उतरायला वेळ नव्हता, तो नुसताच अर्धा उठला. थोरली मात्र टेबलापासून निघाली होती. कधी निघाली कळलंच नाही. तिनं बादली उचलली आणि परत गेली.

अप्पा खिडकीखाली येऊन उभे राहिले. मान वर केली.

"ए."

"हं, अप्पा."

"तिसरा खाली आहे."

धाकट्यानं त्यांच्याकडे बघितलं. थोरलीच्या हातातली बादली खाली टेकली नाही, तशीच अधांतरी राहिली.

"मधल्या रांगेत," अप्पा म्हणाले. "वर नाही. खाली."

"माहितीय, अप्पा."

"मग बघत काय बसलायस? काढ गाडी. ऊन होईल."

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, आणि चढाला लागताना तिचा आवाज जरा जड झाला. अप्पा तो ऐकू येईनासा होईपर्यंत तिथंच उभे होते. मग ते शेडमध्ये आले, काठीनं अंदाज घेत, आणि त्या सीटवर बसले. थर्मास मांडीवर. थोरलीनं टेबलावरचा पुठ्ठा घेतला, त्यातल्या वाकड्या सळया एकेक करून उपसल्या आणि भंगाराच्या डब्यात टाकल्या.

"ती मोठी वाकलेली राहू दे," अप्पा म्हणाले.

तिनं ती त्यांच्या हातात दिली.